उचल

दत्तनगरच्या शेडात रेंज येत नाही.
पत्र्याखाली सोळा लूम लागले
की फोन आधी एक काडी दाखवतो, मग तीही नाही.
नाना दुपारच्या सुट्टीत बाहेर येतात,
लिंबाच्या बुंध्याला टेकून फोन वर धरतात,
मे महिन्यात, त्रेचाळीस डिग्रीत,
आटलेल्या नळाखाली बाटली धरावी तसा.

शेवटी मीच म्हणाले, कंपनी बदलू या.
"आणि नंबर?"
तोच राहतो.
"कसा राहील गं?
कारखाना बदलला की बिल्ला बदलतो."

त्यांचे बिल्ले मला पाठ आहेत.
गड्डमकडे एक्केचाळीस, साखर पेठेत सात,
एमआयडीसीत टॉवेलवर गेले तेव्हा दोनशे अठरा,
आणि आता परत चादरीवर, तेरा.
चार मालक, चार आकडे, काम मात्र एकच:
तुटलेला धागा शोधायचा, गाठ मारायची.
आज पहिल्यांदा उलटं ऐकत होते,
मालक जाणार, आकडा राहणार.

मी मेसेज केला एकोणीसशेला.
कोड आला आठ अक्षरांचा, चार दिवसांच्या मुदतीचा.
फोनमध्ये आहे म्हटलं तरी
नानांनी तो अव्वाच्या बिडी-कार्डामागे उतरून घेतला.

संध्याकाळी जुन्या कंपनीतून फोन.
स्वच्छ, इस्त्रीच्या मराठीतली मुलगी:
"मल्लेशमजी, आपण आमची साथ का सोडताय?"
नाना उठून उभे राहिले.
मालकाशी ते बसून बोलत नाहीत.
ती म्हणाली, अठ्ठावीस दिवस मोफत, रोज दीड जीबी.
"ते राहू द्या ओ बाई.
माझ्यावर उचल किती हाय, तेवढं सांगा."
"सॉरी सर?"
"उचल. जायच्या आधी किती फेडायचं?"
स्पीकरवर बटणांची टकटक ऐकू आली.
"काहीच नाही सर. आपल्याकडे काही बाकी नाही."
नाना थांबले.
मग म्हणाले, "परत एकदा सांगा."

तिने सांगितलं. तिला काय माहीत.

ताईच्या लग्नाचे अकरा हजार
गड्डमच्या वहीतून साखर पेठेच्या वहीत गेले,
तिथं अव्वाचं ऑपरेशन त्यांना येऊन मिळालं,
दोन्ही मिळून एमआयडीसीत पोचले
नानांच्या आधी, दोन दिवस.
बिल्ला दर वेळी नवा,
उचल तीच, एका आकड्यानंही न हलता.
म्हणजे पोर्ट करणं आमच्या घरात नवं नव्हतं,
फक्त ते काय करतात
हे आम्हाला माहीत नव्हतं.

अशोक चौकातल्या दुकानात अंगठा जुळेना.
"काका, पुसून लावा." पुसला.
"ओला करून बघा." केला.
चाळीस वर्षांच्या गाठींनी रेघा नेल्या होत्या,
मशीन लाल दिवा लावून बसलं.
नंबर सांगताना नाना मराठीत सुरू होतात
आणि शेवटचे चार आकडे तेलुगूत उतरतात,
तसे उतरले, दोनदा.
दहाव्या प्रयत्नाला डाव्या हाताची करंगळी चालली.
लूमवर जिला काही काम नाही
तेवढ्याच बोटानं शाबित केलं की हे मल्लेशम येलदी.

शुक्रवारी रात्री जुनं सिम गेलं.
नवं अजून लागलं नव्हतं.
नाना गच्चीवर चटई टाकून बसले,
फोन पोटावर.
"आता मी कुणाकडं हाय?"
कुणाकडेच नाही, नाना. सकाळपर्यंत.
"असं का," म्हणाले,
आणि कूस बदलून झोपले.
भोंगा नाही, पाळी नाही,
घोरणं खालपर्यंत ऐकू येत होतं.

सकाळी दोन काड्या.
शेडात, पत्र्याखाली, एक. तीही हलती.
मी रस्त्यावरून लावून बघितला.
बराच वेळ वाजला.
मग सोळा लूमांची खडखड कानावर आदळली,
आणि तिच्यातून कुठूनतरी नाना ओरडले:
"ऐकू येतंय की!
ठेव आता, धागा तुटलाय."