काटा

साखीरला शर्यत रात्री असते,
दिवसा डांबर पाय ठेवू देत नाही.
पिट लेनच्या टोकाला माझी शेड
आणि शेडमध्ये जमिनीत बसवलेला वजनकाटा.
काटा म्हणायचं आपलं. त्याला काटा नाही,
लाल आकडे आहेत, आणि ते थरथरत नाहीत.

पहिली बाईक यायच्या आधी मी स्वतः त्यावर उभा राहतो.
ही अण्णांची खोड.
कारखान्याच्या गेटवर तीस हंगाम भुईकाटा सांभाळला त्यांनी,
उसाची पहिली गाडी यायच्या आत चपला काढून वर चढायचे.
भुईकाट्याला माणूस नीट दिसत नाही,
दहाच्या पटीत दिसतो :
कधी साठ, कधी सत्तर.
तरी चढायचे.
तरी गाव म्हणायचंच, काटा मारतात.

इथं वही माझ्या हातात.
एकशे एकसष्ट किलो, त्याखाली चालणार नाही.
टायर सगळ्यांना एकाच ढिगातून, चिठ्ठी काढून.
इंजिनाच्या बोल्टातून तार ओवून
मी शिशाचं सील दाबतो, राखी बांधावी तसं,
फक्त विश्वास नसल्याची.

'सगळ्यांना एकच माप, मग मजा कसली?'
असं विचारणारे प्रेक्षागृहातून येतात.
त्यांनी बिनॉयला बघावं,
सलमाबादच्या गॅरेजात, पंख्याखाली, मांडी घालून,
ब्रॅकेटवरचा रंग खरवडताना.
रंगाचंही वजन असतं.
नियमानं कुणी सारखं होत नाही,
वेगळं व्हायची जागा तेवढी अरुंद होते.
बांध घातला की पाणी थांबतं,
आणि थांबलेलं पाणीच भेग शोधतं.

वही नसती तर हमूद इथं आलाच नसता.
इम्पोर्टरच्या टीमनं पैसे मोजून
शर्यत शो-रूममध्येच संपवली असती.
वही आहे म्हणून सहाव्या लॅपपासून
दोघांची चाकं एकाच रेषेत,
गुडघे डांबराला घासत,
वळणावर एकाचा ब्रेक तर दुसऱ्याचा श्वास.
मध्येच वाळू उडाली. लाल झेंडा.
पुन्हा वॉर्म-अप, पुन्हा ग्रिड, पुन्हा सुरुवात.
हमूद जिंकला, सात शतांश सेकंदानं.
'काटा किर्र!' मी ओरडलो.
शेजारचा आर्नेल न कळताच हसला.

मग बाईक शेडमध्ये आली.

एकशे साठ पॉइंट सहा.

उतरवली. काटा शून्यावर आणला. पुन्हा चढवली.
पॉइंट सहा.
वीस किलोची प्रमाणित वजनं ठेवून पाहिली :
वीस. चाळीस. साठ.
काटा खरा होता.
तिसऱ्यांदा बिनॉयनं स्वतः ढकलली, हात लगेच काढले.
पॉइंट सहा.

जादाच्या फेऱ्यांत अर्धा लिटर पेट्रोल जळलं होतं.
बिनॉयनं टाकीत मोजून ठेवलेलं,
बरोबर एकाच सुरुवातीपुरतं.
इथून जवळच आहे तेलाची पहिली विहीर,
आणि अर्धा लिटर पेट्रोल
पाण्याच्या बाटलीहून स्वस्त.

वहीत लिहिलंय : शर्यत संपेल तशी बाईक.
वाळूचं वहीत काही नाही.
मी सही केली.
इम्पोर्टरचा मॅनेजर शेवटपर्यंत मोबाइलमध्ये बघत राहिला,
एवढी लाज त्यालाही होती.

बारा वाजता दिवे एकेक रांग करून विझू लागले.
मी काट्याची वायर गुंडाळत होतो
तर बिनॉय बाईक घेऊन पुन्हा दारात.
तक्रारीची मुदत केव्हाच संपलेली.
'नाही, तक्रार नाही,' म्हणाला.
मी वायर पुन्हा लावली.
त्यानं पाण्याच्या बाटलीतून आणलेलं पेट्रोल
टाकीत ओतलं, थेंब थेंब, आकड्यांकडे बघत.
पॉइंट सात. पॉइंट नऊ.
एकशे एकसष्ट.

बाटलीत बोटभर उरलं.
त्यानं झाकण लावलं, मान हलवली,
बाईक उतरवून घेऊन गेला.

मग किती तरी वेळ
मी चपला काढून उभा होतो काट्याशेजारी,
वर चढावं की नाही.