दाबाची चाचणी

तिसरा आठवडा. हेल्मेट अजून कोरं,
बुटांना मात्र मिनेसोटाचा चिखल.
खंदकाच्या काठावर मार्लिस ट्वेट वहीत लिहिते:
पाइप आठ इंची, खाली वाळू जेमतेम वीतभर,
एका सांध्याशी दगड. काढायला लावला.

मुकादम ऑर्व्हिल थर्मासातली कॉफी ओततो.
पोरी, उद्या हे सगळं मातीखाली जाणार,
कोण बघतंय?

काटा दीडशेवर. दोन तास थांबायचं.
हातमोज्यात बोटं बधिर.
एकशे अठ्ठेचाळीस.
थंडीनं होतं गं तसं.
एकशे सेहेचाळीस.

पलीकडच्या घरात कुणी किटली भरतंय
जुन्याच नळावर, खिडकीकडे पाठ करून.

पेन गोठलेलं. पेन्सिलीनं लिहिते: नापास.
आणि खाली, पहिल्यांदाच, आडनावासकट सही.

ऑर्व्हिल शिवी गिळतो, वर गार कॉफी.
मग फावडं शोधायला लागतो.