नव्याण्णव

रॉटरडॅमच्या या तळघरातल्या कचेरीत
माझं काम एवढंच :
शाळांतून आलेले अर्ज उघडायचे
आणि सतराव्या प्रश्नाचं उत्तर
आकड्यात बसवायचं.

'तू स्वतःला कोण म्हणवतेस / म्हणवतोस?'
पुढे रेघ. मी मोजलीये.
सात सेंटिमीटर.

इव्हान्द्रोनं लिहिलंय : काबो व्हेर्दे.
अक्षरं पाय पसरून
खालच्या प्रश्नाच्या अंगणात बसलेली.
तिथं तो एकदाही गेलेला नाही
हे अठराव्या प्रश्नात कळतं.
शून्य चार.

शर्मिला रामखेलावान : हिंदुस्तानी.
मग एक बाण, मग समासात मुंगीएवढं :
'भारतातली नव्हे. सूरीनामची.
म्हणजे आजी सूरीनामची.
मी ट्राम नंबर आठची.'
साहेब म्हणतात, समासातलं धरायचं नाही.
शून्य सात.

कुणी उलट विचारतं : घरात की वर्गात?
कुणी लिहितं : तपासनीस चढला की मोरोक्कन,
उतरला की माझा मी.
एकानं नुसता पिनकोड दिला.
त्याला आकडा देता येईना,
तो आधीच आकडा होता.

माझ्या आईनं असल्या अर्जांवर
राष्ट्रीयत्वाच्या चौकटीत तेवीस वर्षं
'सफाई' लिहिलं.
तिला वाटायचं, कामच विचारतायत.
कुणी दुरुस्तही केलं नाही.

तीन वर्षांनी तीच मुलं, तोच प्रश्न.
इव्हान्द्रो आता फक्त 'काळा' लिहितो,
अक्षर लहान, नीट, रेघेच्या आत.
शर्मिलाचा समास कोरा.

आणि झेलाल.
पंधराव्या वर्षी तिनं तुर्की लिहून खोडलं होतं,
कुर्द लिहून खोडलं होतं,
मग डच, त्यावर प्रश्नचिन्ह, तेही खोडलेलं.
तेव्हा मी शेवटचं न खोडलेलं शोधत बसले होते.
या खेपेला शब्दच नाही.
लिहून पुसलंय, पुसून लिहिलंय,
इतकं, की रेघेच्या मधोमध कागद फाटलाय.

नियमाप्रमाणे : उत्तर नाही. नव्याण्णव.
संगणक विचारतो, नक्की?
प्रत्येक अर्जाला विचारतो, रोज तीनशेदा,
आणि माझं बोट त्याच्याआधी पोचलेलं असतं.

आज मी कागद दिव्यासमोर धरला.
भोकातून करंगळी घातली.
गेली.