पोटखराबा

नागपूर सोडून काटोल रोडला, सातबाऱ्यावर पोटखराबा
लिहिलेल्या तुकड्यात
आम्ही मीटरभर नळी ठोकली. मे महिना, पारा शेहेचाळीस.
वाळलेलं कुसळ
सॉक्समध्ये अजून टोचतं.

गवत कापणारी फुलवंता उईके धुऱ्यावरून म्हणाली,
काहून नेता वो माती? वर तं काईच नाई.

वर नाहीच.
वर दरसाल वणवा, गुरं, ऊन.
मुळं मात्र मरतात तिथंच, भेगांच्या तळाशी,
आणि काळी त्यांना मुठीत धरून बसते.

प्रयोगशाळेत मी ती माती तोलून भट्टीत ठेवते.
रात्रभर. सकाळी पुन्हा तोलते.
जेवढं कमी भरलं, तेवढं कधीतरी जिवंत होतं.
माझी नोकरीच अशी,
गेलेल्यावरून असलेलं लिहायची.
सगळ्यात खालच्या चकतीचं वय आलं
दोन हजार एकशे वर्षं, चाळीस इकडेतिकडे.

कुठलं गवत ते, कुणाच्या म्हशीनं अर्धं सोडलेलं?

जूनमध्ये तिथं खड्डे खणणार आहेत, रोपांसाठी,
एका रांगेत, फोटोसकट.
मी अहवालात कार्बनचा आकडा लिहिला, खाली टीप.
मग टीप खोडली. फुलवंताबाईला फोन लावला.
पोट भरलेलं आहे, म्हटलं.

ती म्हणाली, कोनाचं?