बाद नोंद

खोली क्रमांक चौदा. काळे पडदे, स्टॉपवॉच.
कूलर बंद, कारण त्याची घरघर म्हणजे बाह्य चल.
बाहेर सेहेचाळीस.
लाल दिवा लागला की लांजेवार बटण दाबतो :
तीनशे बारा मिलिसेकंद, तीनशे नऊ, परत तीनशे बारा.
आकडे कसे इस्त्री केलेले.
त्याच्या हनुवटीवरून टपकणारा घाम
कुठल्या रकान्यात लिहू?

सर म्हणाले, खऱ्या जगात जा.
गेले.
बर्डीच्या चौकात अकरा वेळा फाईल पाडली, मुद्दाम.
वाकल्या त्या पोरींची तोंडं दुपट्ट्यात बांधलेली;
'हावभाव' समोर नुसत्या फुल्या.
कोण आधीच चिडलेलं, कोणाची बस सुटत होती,
कसं कळणार?

बाराव्यांदा खरंच पडली.
माठ विकणारी बाई उठली,
उडत्या कागदांवर दोन्ही चपला ठेवल्या, अनवाणी,
त्या डांबरावर.
"सकाळपासून काय पाडून रायली वं?
जेवली नाई का?"
सहभागी व्यक्तीस हेतूची शंका. नोंद बाद.

प्रश्नावली आईनेही भरली.
'मी समाधानी आहे', एक ते पाच.
तिने चाळीसही प्रश्नांना चारवर गोल केला
आणि पेन परत देताना हळूच विचारलं,
"बरोबर आलं ना?"

रात्री कूलर लावून सरासरी काढते.
लांजेवार आहे त्यात, आई आहे,
माठवाली नाही.
एका कोऱ्या प्रपत्रावर
धुळीचा अर्धा ठसा आहे चपलेचा.
तो कागद अजून कुणाला भरायला दिलेला नाही.