दाढदुखी

सजीमोनला सांगितलं, दाढ दुखतेय.
मन दुखतं म्हणालो असतो तर त्यानं
हसून चहा पुढे केला असता,
आणि सकाळी बसमध्ये
अख्ख्या कॅम्पला कळलं असतं.

अकरा वर्षं जुबैलमध्ये परांच्या तपासतो मी.
क्लॅम्प, फळी, कठडा, शिडी.
सगळं नीट असेल तर हिरवी पाटी अडकवतो,
खाली सही : व्यंकट बिरादार.
माझी सही बघून माणसं वर चढतात.

टेकबहादूर चढला त्या परांचीवर
माझी लाल पाटी होती.
चौकशीत तसं सिद्ध झालं.
कागद आहे माझ्याकडे, लॅमिनेट करून.
तरी रात्री तीनला उठून
मी आमच्या दुमजली पलंगाचे नटबोल्ट चाचपतो.

पांघरुणात फोन धरून शोधलं.
इंग्रजी अक्षरांत 'मन' लिहायला घेतलं
तर पुढचं फोननंच भरलं : मनी एक्स्चेंज,
सहा ठिकाणी, सगळ्यात जवळचं गेटसमोर.
मग केस उगवणारे, दात बसवणारे,
उंटांचा एक डॉक्टर, चांगला नावाजलेला.
साइटवरच्या दवाखान्यात जावं
तर पॅनाडॉलच्या आधी फॉर्म,
फॉर्म जातो ऑफिसात,
आणि ऑफिसात सगळ्यांचीच परतीची तिकिटं
एका बोटावर असतात.
विजयमालाला म्हणालो, झोप येत नाही.
ती म्हणाली, एसी कमी ठेवत जा.
तिला आणखी काय सांगायचं?
वरच्या मजल्याचा स्लॅब पडायचाय अजून.

शेवटी मेसमधल्या फर्नांडिसनं
मिठाच्या पुडक्याच्या कागदावर एक नंबर दिला, दम्मामचा.
त्याच्याकडे तो कसा, हे मी विचारलं नाही.
त्यानंही मला काही विचारलं नाही,
फक्त त्या दिवशी डाळ जास्त वाढली.

शुक्रवार. टॅक्सीचेच सव्वाशे रियाल.
रस्ताभर हिंदी वाक्यं जुळवत होतो.
घालमेल, याला काय म्हणायचं?
जीव थाऱ्यावर नाही, याला?
'करमत नाही'ला तर काहीच सापडलं नाही
शंभर किलोमीटर वाळूत.

बालरोग दवाखान्याच्या वरचा मजला,
जिन्यात भिंतीवर जिराफ.
बाई हैदराबादच्या, निलोफर नावाच्या.
बसण्याआधी मी खुर्चीचे पाय हलवून पाहिले.
त्यांनी ते पाहिलं. लिहून मात्र घेतलं नाही.
मी म्हणालो, एव्हरीथिंग ओके मॅडम,
ओन्ली स्लीप प्रॉब्लेम.
त्या म्हणाल्या,
"पहले पानी होना? कि नक्को?"

नक्को.
दोन क असलेलं.
उदगीरच्या आमच्या गल्लीत
भिंतीपलीकडून शाहीनखालाचं यायचं तसं.
इकडून आईचं नको, तिकडून खालाचं नक्को,
आणि तरी वाट्या भरूनच जायच्या-यायच्या.
अकरा वर्षांत मला सगळ्यांनी नो म्हटलं होतं,
ला म्हटलं होतं,
नको कुणी म्हटलं नव्हतं.
ग्लास हातात घेतला, आणि पाणी पिता येईना.

बऱ्याच वेळानं म्हणालो,
पाटी लालच होती.
पण आदल्या संध्याकाळी मी तिथून गेलो,
शिडी लावलेली दिसली,
ती काढून आडवी ठेवायची होती.
बस सुटत होती.
कागदात हे नाही.

त्या काही बोलल्या नाहीत.
खाली कुठलं तरी मूल सुईला भिऊन रडत होतं,
आम्ही दोघं ते थांबेपर्यंत ऐकत बसलो.

रात्री सजीमोननं विचारलं, काढली?
म्हटलं, नाही. मूळ खोल आहे.
पुढच्या शुक्रवारी परत बोलावलंय.
तो उठून मेसमध्ये गेला,
येताना मुठीत एक लवंग घेऊन आला.
म्हणाला, दाबून धर.

दाढ दुखत नव्हती.
तरी धरली.
तिखट होती, जीभ बधिर होईपर्यंत.
त्या रात्री तीनला जाग आली तेव्हा
तोंडात अजून तिचा वास होता,
आणि नटबोल्ट मी तपासले, पण
एका बाजूचेच.