मिठाचं माप

सपाट चिमटी. वर ढीग नाही, आत खळगा नाही.
बेथेलहून आलेल्या तराजूवर मी ती आधी तोलून बघते,
मग फेक्लाच्या बोटांना शिकवते: एवढं.
दिवसभरात एवढं, आठ बाटल्यांत वाटून.
फेक्ला हसते. सामन खारवताना मी बघतही नाही किती पडतंय,
आणि या एवढ्याशा जिवाला सोन्यासारखं तोलून?

हो, सोन्यासारखं.
तिच्या अंगात मीठ टिकत नाही.
मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी,
जो रस हवा तो करत नाहीत,
नको तो मात्र भारंभार.
म्हणून पांढऱ्या गोळीचा पाव तुकडा, चुरून, दिवसातून तीनदा,
आणि मीठ.
मी या दवाखान्याची सगळी: नर्स, झाडूवाली, रेडिओवाली.
डॉक्टर विमानाच्या अंतरावर.

बाळ आलं तेव्हा रेडिओवर अख्खं गाव कान लावून होतं.
इव्हॉनच्या आत्यानं विचारलं, काय झालं?
पलीकडून नुसती खरखर. मग म्हणाले,
इतक्यात सांगता येत नाही, रक्त तपासायला पाठवलंय.
कोणी चहा ओतायचं थांबलं, कोणी खोकलं.
मग आत्याच म्हणाली,
तपासा की सावकाश. नाव तर ठरलंय.
अत्साक.
आमच्याकडे नाव बाईचं नसतं, बाप्याचं नसतं,
गेलेल्या माणसाचं असतं,
आणि ते परत यायला दार शोधत असतं.

अत्साक माझा भाऊ.
एकोणीस दिवसांचा होता. मी सात वर्षांची.
नदीवर बर्फ अजून धड होता, पण विमान आलं नाही.
प्यायचा आणि ओकायचा, प्यायचा आणि ओकायचा.
शेवटी तर रडणंही आवाजाशिवाय,
तोंड फक्त उघडं.
आई म्हणाली, माझं दूध बाधलं.
कागदावर लिहिलं, न्यूमोनिया.
आणि चुलीमागच्या कोपऱ्यात, माझ्या कमरेएवढं,
मिठाचं पोतं उभं होतं.

नुसत्या मिठानं तो वाचला नसता.
शिकले आहे मी, परीक्षा दिली आहे, कळतं मला.
तरी ते पोतं अजून तिथून हलत नाही.

अकराव्या दिवशी बेथेलहून निरोप आला: मुलगी आहे.
इव्हॉन म्हणाला, बरं,
आणि जाळं विणायला बसला.

परवा रात्री तिला ताप.
पहिला डोस ओकली, दुसरा ओकली.
बाहेर धुकं असं की धावपट्टीचे दिवे
शेजारच्या गावचे वाटावेत.
वैमानिक म्हणाला, उजाडल्यावर.
उजाडायला नऊ तास.
मी कुपी फोडली. इव्हॉननं बॅटरी धरली,
त्याचा हात हलत होता, म्हणून उजेडही.
मांडी एवढीशी. मी सुई धरली आणि क्षणभर
मला आठवेना कोणत्या सालात आहे.
मग टोचली.

ती ओरडली. आवाजासकट ओरडली!
फेक्ला रडायला लागली, मी सुई डब्यात टाकली,
वेळ लिहिली: एक वाजून वीस.
तीन वाजता ओठ चाटायला लागली. सहाला प्यायली,
आणि ते पोटात राहिलं.
विमान आलं तेव्हा ती झोपलेली,
वैमानिकच आमच्यापेक्षा दमलेला दिसत होता.

आता दीड वर्षाची आहे.
खारवलेल्या माशांच्या पिंपाशी उभी राहते,
काठावरचे खडे बोटानं टिपते, चोखते.
फेक्ला हाका मारते, अगं पुरे, पुरे!
मी म्हणते, खा रे धाकट्या.
'रे' कोणी दुरुस्त करत नाही.
ती मागे वळून बघते,
आणि अख्खी मूठ पिंपात घालते.